विश्लेषण : प्राप्तिकराचा परतावा येणार म्हणून घरपट्टी थांबवता येते का?

प्राप्तिकर विवरणपत्र भरण्याची मुदत २०२५ मध्ये ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २७ मे रोजी तशी घोषणा केली. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मालमत्ता करातील सवलत मात्र ३० जूनलाच संपते. राज्याच्या व्यवसाय करासाठी स्वतंत्र नावनोंदणी असलेल्यांनाही वर्षाचा कर ३० जूनपर्यंतच भरायचा आहे. त्यामुळे रावेत, पुनावळे, किवळे परिसरातील अनेक घरांत तेव्हा एकच विचार चालला होता. केंद्राकडून रिफंड येणारच आहे, तो आला की घरपट्टी भरू. हा विचार सोयीचा वाटतो, पण त्यात खिशाला किती कात्री लागते, याचा हा हिशेब.

परतावा मुळात का मिळतो?

वर्षभरात टीडीएस किंवा आगाऊ कराच्या रूपाने जमा झालेली रक्कम प्रत्यक्ष करापेक्षा जास्त असेल, तर फरक परत मिळतो. नोकरदारांच्या बाबतीत हे बहुधा कर प्रणालीच्या निवडीमुळे घडते. कंपनी नव्या प्रणालीप्रमाणे कर कापते आणि विवरणपत्र भरताना कर्मचारी गृहकर्जाचे व्याज, घरभाडे भत्ता दाखवून जुनी प्रणाली निवडतो. बँकेने मुदत ठेवीच्या व्याजावर कापलेला कर हे दुसरे कारण.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांचे प्रकरण याहून ठळक आहे. चाकण, तळवडे, भोसरीतील कारखान्यांसाठी डिझाइनचे किंवा तांत्रिक सल्ल्याचे काम करणारे अनेक अभियंते रावेतच्या सोसायट्यांत राहतात. उदाहरणादाखल, अशा एका सल्लागाराला २०२४-२५ मध्ये १२ लाख रुपये मिळाले आणि कंपन्यांनी १० टक्क्यांनी १ लाख २० हजार रुपये कापले, असे धरू. कलम ४४एडीएखाली निम्मी रक्कम, म्हणजे सहा लाख रुपये, उत्पन्न म्हणून दाखवता येते. दुसरे उत्पन्न नसेल तर नव्या प्रणालीत त्या वर्षी असलेल्या सात लाखांपर्यंतच्या करसवलतीमुळे त्याचा कर शून्य होतो. म्हणजे १ लाख २० हजार रुपये पूर्ण परत मिळायला हवेत. एवढी रक्कम केंद्राकडे असताना १८ हजारांच्या घरपट्टीसाठी बचतीला हात लावणे त्याच्या जिवावर येते, यात नवल नाही.

पैसे हातात कधी येतात?

जानेवारी ते मार्च या तिमाहीचे टीडीएस विवरण भरण्याची कंपन्यांची मुदत ३१ मे असते. त्यामुळे कापलेला कर आपल्या नावावर पूर्ण दिसायला जून उजाडतो. फॉर्म १६ देण्याची मुदत १५ जून आहे. त्यानंतर विवरणपत्र भरायचे आणि ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करायची. ती झाल्यावरच बेंगळूरुच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात पुढचे काम सुरू होते.

साध्या विवरणपत्रांचा परतावा काही आठवड्यांत येतो, हा अनेकांचा अनुभव आहे. पण अनुभव म्हणजे हमी नव्हे. विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले ते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत प्रक्रिया करण्याची मुभा कायदा विभागाला देतो. म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या विवरणपत्रासाठी कायद्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२६ आहे. तोवर घरपट्टीचे पुढच्या वर्षाचे बिलही हातात पडलेले असेल. रिफंड ‘येणार’ हे खरे असले, तरी तो ३० जूनपूर्वी येईल असे गृहीत धरता येत नाही. २०२५ च्या मुदतवाढीचा फायदा घेऊन विवरणपत्र सप्टेंबरमध्ये भरणाऱ्यांच्या बाबतीत तर तो प्रश्नच उद्भवत नव्हता.

येणे देण्यात वळते का होत नाही?

दोन माणसांमध्ये देणे-घेणे असेल तर फरकाची रक्कम देऊन व्यवहार मिटतो. इथे मात्र समोर तीन वेगळे धनको-ऋणको आहेत. प्राप्तिकर हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्र सूचीतला विषय आहे (नोंद ८२). जमीन व इमारतींवरील कर (नोंद ४९) आणि व्यवसाय कर (नोंद ६०) राज्य सूचीत येतात. मालमत्ता कर आकारण्याचा अधिकार राज्याने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाद्वारे महापालिकांना दिला. व्यवसाय कर राज्य स्वतः १९७५ च्या कायद्याखाली गोळा करते. प्रत्येकाचा कायदा, प्राधिकारी आणि तिजोरी वेगळी आहे.

प्राप्तिकर कायद्यात परतावा वळता करण्याची तरतूद आहे, पण ती करदात्याच्या सोयीसाठी नाही. कलम २४५ प्रमाणे विभाग परताव्याची रक्कम त्याच कायद्याखालील जुन्या थकबाकीत वळती करू शकतो. त्याआधी करदात्याला तसे कळवावे लागते. त्या तरतुदीत महापालिकेची घरपट्टी किंवा राज्याचा व्यवसाय कर बसत नाही. इतकेच काय, यंदाचा परतावा पुढच्या वर्षाच्या आगाऊ करात धरा, असे सांगण्याचीही सोय विवरणपत्रात नाही. परतावा पडताळणी झालेल्या बँक खात्यातच जमा होतो.

‘प्राप्तिकरातला वाटा राज्याला मिळतोच की,’ असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २०२१-२६ या काळासाठी केंद्राच्या विभाज्य करांपैकी ४१ टक्के रक्कम राज्यांना ठरली होती आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. पण ही वाटणी सरकारांच्या पातळीवर, ठरलेल्या सूत्राने होते. एखाद्या करदात्याच्या खात्याशी तिचा संबंध नसतो. शिवाय परत करायची रक्कम कर नसतेच, मग तिच्यातून वाटा कुठून जाणार?

मग जीएसटीत हे कसे चालते?

हा प्रश्न औद्योगिक पट्ट्यातले लघुउद्योजक हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. परराज्यातून माल घेताना भरलेला एकात्मिक जीएसटी हा केंद्राने गोळा केलेला कर असतो. तरीही त्याचे क्रेडिट नियमांत ठरलेल्या क्रमाने राज्याच्या जीएसटीसाठी वापरता येते. केंद्र आणि राज्य आपसात नंतर हिशेब पूर्ण करतात. केंद्राला दिलेल्या पैशातून राज्याचे देणे फेडण्याची सवय व्यावसायिकांना इथे लागली आहे.

पण ही सोय आपोआप आलेली नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती झाली, केंद्र व राज्यांचे कायदे एका साच्यात बसवले गेले, एक सामायिक संगणक प्रणाली उभी राहिली आणि दोन्ही सरकारांमध्ये हिशेब मिटवण्याची पद्धत ठरली. तिथेही मर्यादा आहेच. केंद्रीय जीएसटीचे क्रेडिट थेट राज्य जीएसटीसाठी चालत नाही. प्राप्तिकर आणि घरपट्टी यांच्यात असा कोणताही पूल अजून बांधला गेलेला नाही.

थांबण्याची किंमत किती?

खरा मुद्दा दरांचा आहे. कलम २४४ए प्रमाणे परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. टीडीएसमधून निर्माण झालेल्या परताव्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर ते १ एप्रिलपासून मोजले जाते. परतावा ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळत नाही. मिळालेले व्याज पुढे करपात्र उत्पन्नात धरले जाते.

दुसरीकडे, मुदतीत न भरलेल्या मालमत्ता करावर महापालिका दरमहा दोन टक्के शास्ती लावते. म्हणजे केंद्र वर्षाला सहा टक्के देते आणि महापालिका चोवीस टक्के घेते.

वरच्या सल्लागाराची घरपट्टी १८ हजार रुपये धरू. त्याने मुदत उलटल्यावर आणखी सहा महिने ती भरली नाही, तर शास्ती होते २ हजार १६० रुपये. तेवढ्याच रकमेच्या परताव्यावर सहा महिन्यांत मिळणारे व्याज ५४० रुपये. त्यामुळे नुकसान १ हजार ६२० रुपयांचे, असे कोणी म्हणेल. तो हिशेब चुकतो. परताव्यावरचे व्याज घरपट्टी भरली काय आणि न भरली काय, मिळणारच आहे. महापालिकेला थांबवल्याने त्यात एका रुपयाचीही भर पडत नाही. त्यामुळे थांबण्याची किंमत पूर्ण २ हजार १६० रुपये आहे. त्यात ३० जूनपूर्वीची सवलत हुकल्याचा तोटा वेगळा. थांबल्याने वाचते ते केवळ बचत खात्यातल्या रकमेवरचे व्याज आणि ते शास्तीच्या जवळपासही जात नाही.

इथे दोन तारखांची गल्लत टाळायला हवी. ३० जून ही वर्षाचा कर एकरकमी भरून सामान्य करात सवलत मिळवण्याची तारीख आहे. शास्ती बिलावर छापलेली मुदत उलटल्यानंतर सुरू होते. १ जुलै उजाडला म्हणून दंड लागला असे नाही, पण सवलत गेलेली असते.

शब्दांचीही गल्लत होते. अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर ही वेगळी आकारणी होती. शहरात गाजलेला तो शास्तीकर राज्य सरकारने २०२३ मध्ये माफ केला. विलंबासाठीची दोन टक्के शास्ती त्या माफीत येत नाही. ‘शास्ती माफ झाली’ हे ऐकून बिल बाजूला ठेवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

व्यवसाय कर नेमका कोणी भरायचा?

नोकरदारांचा व्यवसाय कर पगारातूनच कापला जातो. महिन्याला १० हजारांहून अधिक पगार असेल तर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाचे अडीच हजार होतात. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. अडीच हजारांचा आकडा घटनेच्या अनुच्छेद २७६ मधला आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ही कमाल मर्यादा २५० रुपयांवरून तेवढी केली आणि ती आजही तशीच आहे.

सल्लागार, कंत्राटदार, दुकानदार अशांनी मात्र स्वतंत्र नावनोंदणी (पीटीईसी) करून कर स्वतः भरायचा असतो. ३१ मेपूर्वी नोंदणी असलेल्यांची मुदत ३० जून, त्यानंतर नोंदणी झालेल्यांची नोंदणीपासून एक महिना. रक्कम लहान असल्याने हा कर वर्षानुवर्षे विसरला जातो आणि मग व्याज व दंडासह एकदम समोर येतो. महाजीएसटीच्या संकेतस्थळावरून चलन भरायला फार वेळ लागत नाही.

घरपट्टीच्या बाबतीत आपण कोणाच्या हद्दीत राहतो, हेही पाहावे लागते. रावेत १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पण जवळच देहूरोड कटक मंडळाची हद्द आहे, हिंजवडीला ग्रामपंचायत आहे आणि चाकणला नगर परिषद. या सर्वांची बिले, मुदती आणि सवलती सारख्या नाहीत. चाकणला गाळा आणि रावेतला सदनिका असणाऱ्याने दोन्ही बिले वेगवेगळी तपासायला हवीत.

अमेरिकेत याहून वेगळे आहे का?

अमेरिकेत काही वर्षे काम करून परतलेल्यांना, किंवा तिथे मुले असलेल्या घरांना, फेडरल आणि स्टेट अशी दोन विवरणपत्रे परिचित असतात. तिथेही फेडरल रिफंड येणार म्हणून स्टेटचा कर आपोआप फिटत नाही. बहुतांश राज्यांची मुदत फेडरल मुदतीबरोबरच, १५ एप्रिलच्या सुमारास असते आणि त्यानंतर राज्याचे व्याज सुरू होते.

फरक वसुलीत आहे. राज्याच्या प्राप्तिकराची थकबाकी झाली आणि राज्याने ती केंद्रीय कोषागाराकडे कळवली, तर ‘ट्रेझरी ऑफसेट प्रोग्रॅम’मधून फेडरल रिफंड अडवून ती रक्कम राज्याला दिली जाते. थोडक्यात, ही व्यवस्था थकबाकीदाराचे पैसे पकडण्यासाठी आहे. वेळेवर कर भरू पाहणाऱ्याला त्यातून सवलत मिळत नाही.

अनिवासी भारतीय घरमालकांचा प्रश्न मात्र थेट रावेतशी जोडलेला आहे. त्यांना भाडे देताना भाडेकरूने साधारण ३१.२ टक्के दराने टीडीएस कापायचा असतो. मालकाचा प्रत्यक्ष कर कमी निघाला तर परतावा मिळतो, पण तो येईपर्यंत इथली घरपट्टी थांबत नाही. मालमत्ता कर हा त्या घरावरचा पहिला बोजा असतो. घर विकताना किंवा नाव बदलताना थकबाकी आधी फेडावी लागते.

पाणी दिवसाआड, मग कर वेळेवर का?

शहराला पवना नदीचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून दिले जाते. तरीही नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा आहे. बंधाऱ्याच्या शेजारी राहून टँकरचे पैसे मोजणाऱ्या सोसायट्यांचा राग समजण्यासारखा आहे. मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक होते, त्यामुळे २०२५ मध्ये हा राग सांगायला नगरसेवकही नव्हते. तरी कायद्याच्या दृष्टीने कर म्हणजे एखाद्या सेवेचे शुल्क नव्हे. सेवा अपुरी आहे म्हणून तो रोखून धरता येत नाही. रोखल्यास शास्ती वाढते आणि पुढे नळजोड तोडणे, मालमत्ता जप्त करणे इथपर्यंत कारवाई जाऊ शकते.

महापालिकेची बाजूही पाहायला हवी. कारखान्यांमुळे जकातीवर श्रीमंत झालेली ही महापालिका. १ एप्रिल २०१३ रोजी जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि त्या उत्पन्नाची जागा राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईने घेतली. स्वतःच्या अधिकारात आकारता येण्याजोगा मोठा कर म्हणून आता मालमत्ता करच उरला आहे. त्यामुळे त्याच्या वसुलीत ती ढिलाई दाखवेल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

३० जूनपूर्वी काय करावे?

पहिली गोष्ट, घरपट्टी आणि व्यवसाय कर हातातल्या पैशातून भरावा. परतावा आला की तो बचतीत परत टाकता येतो. पूर्ण रक्कम जमत नसेल, तर हा कर सहामाही हप्त्यांत आकारला जात असल्याने निदान पहिल्या सहामाहीची रक्कम मुदतीत भरावी. क्रेडिट कार्डाने भरून बिल पुढे ढकलणे मात्र महागात पडते, कारण कार्डाच्या थकबाकीवरचे व्याज साधारणपणे या शास्तीहूनही जास्त असते.

दुसरी गोष्ट, महापालिकेच्या बिलातील तपशील तपासावा. महिलांच्या नावावरील घर, माजी सैनिक, दिव्यांग यांच्यासाठी सवलती आहेत. आपण त्यात बसत असूनही बिलात सवलत दिसत नसेल, तर करसंकलन कार्यालयात वेळेत अर्ज करावा.

तिसरी गोष्ट, परतावा लवकर यावा यासाठी शेवटच्या मुदतीची वाट पाहू नये. फॉर्म १६ वरील टीडीएस आणि फॉर्म २६एएसमधील नोंद जुळली की विवरणपत्र भरून त्याच दिवशी ई-पडताळणी करावी. बँक खाते आधी पडताळून ठेवावे, पॅन-आधार जोडणी तपासावी. ई-फायलिंग संकेतस्थळावर जुनी थकीत मागणी दिसत असेल तर ती मान्य आहे की नाही, याचे उत्तर द्यावे. अनेकदा दहा-बारा वर्षांपूर्वीची विसरलेली मागणीच परतावा गिळते.

व्यवस्थेत काय बदलायला हवे?

करदात्याने आगाऊ कर कमी भरला तर केंद्र त्याच्याकडून दरमहा एक टक्का व्याज घेते. करदात्याचेच पैसे परत करायला उशीर झाला तर अर्धा टक्का देते. महापालिका दोन टक्के घेते. एकाच घरातून जाणाऱ्या आणि येणाऱ्या पैशाला तीन वेगळे दर आहेत आणि त्यांतला सर्वांत कमी दर नागरिकाच्या वाट्याला आला आहे. ही विषमता केवळ तंत्रज्ञानाने मिटणार नाही. दर ठरवण्याचे काम संसदेचे आणि विधिमंडळाचे आहे.

परताव्यातून थेट स्थानिक कर भरण्याचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, हे जीएसटीने दाखवले आहे. पण अशी व्यवस्था आलीच, तर तिचे बटण करदात्याच्या हाती असावे लागेल. नाहीतर वादग्रस्त घरपट्टीपोटी परतावा परस्पर अडवला जाण्याची भीती राहील. तोपर्यंत दोन्ही तिजोऱ्या वेगळ्याच आहेत. ३० जूनला महापालिकेच्या तिजोरीत चालतात ते खात्यातले पैसे, केंद्राकडून यायचे असलेले नव्हेत.